धवलारणीच्या आवाजात लागलेली लग्नं

विमा कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, चला, फॉर्म संपले. तीस वर्षं मी लोकांकडून फॉर्म भरून घेतले, सही राहिली म्हणून परत पाठवले आणि घरी येऊन नवऱ्याशीही त्याच आवाजात बोलले. पण आमच्या पनवेलच्या वाचनालयानं बायकांच्या इतिहासाचा संग्रह करायचं मनावर घेतलं आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं की वस्तू घेताना फॉर्म लागेल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही लाजले नाही. दोन दिवसांत चार पानांचा फॉर्म तयार करून दिला.

पहिल्या दोन महिन्यांत कपाट भरलं. पाककृतींच्या वह्या आल्या, भरतकामाचे रुमाल आले, महिला मंडळाच्या सहलींचे फोटो आले, वक्तृत्वाची प्रशस्तिपत्रकं आली. एका बाईंनी हातानं चालवायचं शिलाई मशीन दिलं आणि आठवड्यानं सुनेला हवंय म्हणून परत नेलं. मी प्रत्येक वस्तूवर सुबक अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आमच्या अध्यक्षबाई कॉलेजात शिकवायच्या आणि त्यांना अजून समोर वर्गच बसलाय असं वाटतं. त्यांनी एका दुपारी कपाट उघडलं, सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाल्या, "हा पनवेलच्या बायकांचा इतिहास नाही. हा आपल्या सोसायटीचा इतिहास आहे."

मला राग आला. चिठ्ठ्या माझ्या होत्या. पण घरी येऊन विचार केला तर त्यांचं बरोबर होतं. वस्तू देणाऱ्या सगळ्या आमच्यासारख्याच, पुण्यामुंबईहून नोकरीच्या निमित्तानं इकडे आलेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, फोटो काढून घेण्याची सवय असलेल्या. मग आम्ही दुसरी यादी केली. मिठागरावर राबलेल्या बायका, मच्छी विकणाऱ्या, मोहल्ल्यात शिवणकाम करणाऱ्या, कळंबोलीला ट्रकवाल्यांसाठी खाणावळ चालवणाऱ्या. प्रत्येकीनं एकेक वाटून घेतली. माझ्या वाट्याला धवलारीण आली.

धवलारीण म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं. सव्वीस वर्षं पनवेलमध्ये राहून विचारावं लागलं, हे इथं कबूल करते. इथल्या आगरी लोकांत लग्न लावायला एक बाई बसते. तिला सगळी गाणी तोंडपाठ असतात. ती देवांना बोलावते, घरच्या मेलेल्या माणसांना बोलावते, हळद लावते आणि गात गात लग्न लावून देते. भटजी येतात तेही आपले मंत्र म्हणतात, पण जुन्या घरांत हिचं गाणं झाल्याशिवाय लग्न लागलं असं कुणाला वाटत नाही. ती गाणी म्हणजे धवले. कुठं लिहिलेली नाहीत, आणि आता गाणाऱ्या फार उरल्या नाहीत.

मला जिच्याकडे पाठवलं ती धवलारीण रोडपालीच्या बाजूला राहायची. गाव आता सेक्टरांच्या मध्ये सापडलंय. चार मजली घर, खाली गाळे, एका गाळ्यात मोबाईलचं दुकान. आजी पहिल्या मजल्यावरच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मी त्यांना आजी म्हणाले. खरं तर मी स्वतः आजी झालेली आहे, पण त्यांची ऐंशी उलटली होती. घरात त्यांची सून होती, द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला जाणारी. त्या दिवशी तिनं माझ्यासाठी रजा घेतली होती, त्यामुळे मला उगाचच अपराधी वाटत होतं.

आधी फोटो मागितले, तीच सवय. सुनेनं नात्यातल्या लग्नांचे तीन जाडजूड अल्बम आणून ठेवले. आम्ही पानं उलटत गेलो आणि आजी कुठंच सापडेनात. नवरा, नवरी, मामा, आत्या, भटजी, केक कापणारी मुलं, सगळे होते. शेवटी सुनेनंच एका फोटोत बोट ठेवलं. नवरीच्या कपाळाशी एक हात होता, हिरव्या बांगड्यांचा, हळदीनं माखलेला. पुढं फोटोची कडा. मग आम्हाला तो हात प्रत्येक अल्बममध्ये दिसायला लागला. ही सगळी लग्नं त्या हातानं लावली होती, आणि कॅमेरेवाल्यानं दर वेळी मनगटापाशी कापलं होतं. मी फॉर्मवर 'हात' असं लिहिलं आणि पुढं काय लिहावं हे न कळून सोडून दिलं.

मग रेकॉर्डिंगचं काढलं. आजींनी सरळ नाही म्हणून सांगितलं.

"लगीन नाय, हलद नाय, न मी कोनाला नवरी करू? देव काय असाच बोलवाचा?"

त्यांचं म्हणणं असं होतं की देव बोलावले की ते येतात, आणि आले की त्यांना काम लागतं. रिकाम्या मांडवात त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. शिवाय गाण्यात जागोजागी नवरानवरीची नावं घालावी लागतात. नावं नसतील तर गाणं उभंच राहत नाही. मी म्हटलं, माझं आणि माझ्या नवऱ्याचं नाव घाला. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. नांदत्या जोडप्याचं लग्न पुन्हा लावायचं नसतं, घर फिरतं, असं सुनेनं मला समजावलं. मी अध्यक्षबाईंना फोन करण्याच्या बेतात होते, तेवढ्यात आजी म्हणाल्या, बस, बघते. त्यांनी सुनेला बाहेर जायला सांगितलं, एका ताटलीत हळद मागितली, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले.

दोन तास त्या गात होत्या. आवाज बारीक, पण एकदा वर गेला की खालच्या दुकानातल्या गाण्यावर बसायचा. मला अर्धंमुर्धं कळत होतं. नावं येत होती ती मला देवादिकांची वाटली. मी अधूनमधून फोनची बॅटरी बघत होते आणि आपण केवढं मोठं काम करतोय असं मला वाटत होतं. गाणं संपलं तेव्हा आजी बराच वेळ डोळे मिटून बसल्या. थकल्या असतील म्हणून मी सुनेला हाक मारली. तिच्याकडून नाव विचारून फॉर्म भरला, आधार कार्डावर होतं तेच. पाचव्या कलमात लिहिलं होतं की ही सामग्री कुणालाही ऐकता येईल. ते मी भराभर वाचून दाखवलं. आजींनी मान हलवली आणि अंगठा दिला.

आमच्या संग्रहाचा एक नियम आहे, अध्यक्षबाईंनी केलेला. आपण घेऊन पळायचं नाही, जे घेऊ त्याची प्रत घरच्यांना द्यायची. मला हा नियम फार आवडतो. आजवर लोकांनी गावच्या बायकांकडून गाणी नेली ती नेलीच. म्हणून मी जिना उतरायच्या आत ते रेकॉर्डिंग सुनेच्या फोनवर पाठवून दिलं. तिला खूप आनंद झाला. मलाही झाला.

पुढं चारेक महिन्यांनी माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या पुतणीचं लग्न होतं, कळंबोलीच्या हॉलमध्ये. माणसं आगरीच. मी जेवणाच्या पंगतीची चौकशी करत होते आणि एकदम कानावर तो आवाज आला. मी ओळखला. स्टेजच्या कडेला पाटावर मोठा स्पीकर ठेवला होता, त्याच्यापुढं नारळ, तांदूळ, घडी न मोडलेलं लुगडं. धवलारणीचा मान असतो तो. आवाज आजींचा, मान स्पीकरला. भटजी मात्र जातीनं हजर होते, त्यांना स्पीकरमध्ये बसवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

सून तिथं होतीच. तिनंच आपला फोन स्पीकरला जोडला होता. म्हणाली, लोक घरी येतात, आजींना आता दोन-दोन तास बसवत नाही, नाही म्हणायला जीवावर येतं, म्हणून हे देते. लुगडं घरी नेऊन आजींनाच देते. त्या वेळी तिच्यावर रागावण्यासारखं मला काहीच दिसलं नाही. उलट कपाटात पडून राहिलं असतं ते वापरात आलं म्हणून मी हरखले. जेवून घरी आले आणि आमच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. अध्यक्षबाईंनी फूल पाठवलं. एरवी त्या कुणाला फूल पाठवत नाहीत.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांतली गोष्ट. दुपारी वाचनालयात आले तर आजी खाली वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी बसलेल्या. एकट्या, रिक्षा करून आलेल्या. आजूबाजूचे पुरुष पेपरातून डोकी वर काढून बघत होते. मी त्यांना आत नेलं, पंखा लावला, पाणी दिलं. त्यांनी पाण्याला हात लावला नाही.

आदल्या दिवशी त्या नात्यातल्या एका लग्नाला गेल्या होत्या, पाहुण्या म्हणून. कधी नव्हे त्या खुर्चीत बसल्या होत्या. आणि त्यांचा आवाज स्पीकरवर लागला. तोवर त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. लुगडी येत होती ती भेट म्हणून आली असं सुनेनं सांगितलं होतं.

"त्या पोरीचा लगीन लागलाच नाय," आजी म्हणाल्या. "लगीन माजा लागला."

मला काही कळेना. मी म्हटलं, आजी, नीट सांगा. तेव्हा त्यांनी दाराकडे बघून, आवाज खाली करून सांगितलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांना कुणाची तरी नावं घालणं भाग होतं. जिवंत जोडप्याची घालता येत नव्हती. म्हणून त्यांनी आपल्या वारलेल्या नवऱ्याचं आणि आपलं घातलं. आपलं म्हणजे आधार कार्डावरचं नाही, ते सासरचं. माहेरचं. लग्नात सुटलेलं नाव, जे हाक मारायला आता कुणी उरलं नव्हतं. मुलालाही ठाऊक नाही, सुनेला कुठून असणार. त्यामुळे स्पीकरवर ते ऐकून एकाही माणसानं मान वर केली नव्हती. लोकांना मंत्रासारखं काहीतरी वाटलं असेल. मला वाटलं होतं तसंच.

मी विचारलं, पण तुमचंच का? दुसऱ्या कुण्या गेलेल्या जोडप्याचं घालायचं होतं. हे विचारताना माझा आवाज विमा कंपनीतला झाला, हे मला जाणवलं.

"माज्या लग्नात मी झोपलेली," त्या म्हणाल्या. "एवढीशी होते. मना काय आयकाला नाय मिलाला. म्हटला एकदा आयकू."

मला रडू आलं आणि त्याच वेळी आपण केवढा घोळ घालून ठेवलाय तेही डोळ्यांपुढं आलं. सुनेनं ते तोवर तीन लग्नांत लावलं होतं. तीन पोरी. तीन मांडवांत देव बोलावले गेले आणि त्यांना सांगितलं गेलं की अमकीचं तमक्याशी लग्न लावा, आणि ती अमकी वाचनालयात माझ्यापुढं बसली होती. आजींच्या लेखी त्या तिघी बिनलग्नाच्या नांदत होत्या. त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती. एकीला दिवस गेलेत असं त्यांच्या कानावर आलं होतं, म्हणून त्या धावत आल्या होत्या.

अध्यक्षबाईंनी तातडीची बैठक बोलावली. एवढी विचित्र बैठक मी आयुष्यात पाहिली नाही. एक बाई म्हणाली, रजिस्टर झालंय ना लग्न, मग प्रश्न काय? दुसरी म्हणाली, रेकॉर्डिंग पुसून टाका. अध्यक्षबाई म्हणाल्या की मूळ प्रतीला हात लावायचा नाही, संग्रह म्हणजे काही सोयीनं खाडाखोड करायची पाटी नव्हे. तिसरीनं विचारलं, पण आपण हे केलंच कशासाठी? बायकांचं राहावं म्हणून ना? मग एका बाईचं पोटातलं गुपित तीन हॉलमध्ये वाजलं, ते काय राखलं म्हणायचं? सगळ्यांचं मला पटत होतं, हीच अडचण होती. त्या दिवसापर्यंत मला प्रत्येक गोष्टीवर ठाम मत असायचं. नवऱ्याला विचारा.

शेवटी मीच आजींना विचारायला गेले. पुसून टाकू का? त्या एकदम म्हणाल्या, नको. ते राहू दे, ते माझं आहे. फक्त दुसऱ्याच्या मांडवात लावू नका. मग आम्ही नोंदवहीत त्या रेकॉर्डिंगपुढं लिहिलं, 'लग्नात वाजवू नये.' जगातल्या कुठल्या संग्रहात अशी सूचना असेल असं मला वाटत नाही. पाचवं कलम मी खोडलं. फॉर्मवर माहेरचं नाव लिहू का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, मग बघू. ते 'मग' अजून आलेलं नाही, आणि म्हणून ते नाव मी इथंही लिहीत नाही.

पण तीन पोरींचं काय? आजींचं एकच म्हणणं, की घरोघरी जाऊन, ज्यानं लग्न लागतं ते शेवटचं गाणं बरोबर नावं घालून पुन्हा म्हणायचं. पहिल्या घरी मी त्यांच्याबरोबर गेले. बंगला, दारात मोठी गाडी, आत संगमरवर. मुलीच्या सासूनं चहा दिला, आजींच्या पाया पडली, सगळं ऐकून घेतलं आणि मग तिचा चेहरा बदलला. आमची सून काय बिनलग्नाची आणलीय का, असं ती आजींना नाही, मला म्हणाली. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं असलं घेऊन दारात यावं? आता आजींना पुन्हा गायला लावलं तर गावभर होईल की पहिलं लग्न खोटं होतं. तिचंही चूक नव्हतं. आम्ही चहा अर्धा टाकून निघालो.

रिक्षा फाटकाबाहेर उभी होती. आजी बसल्या, मी बसले, रिक्षावाल्यानं सुरू केली. आजी म्हणाल्या, थांबव. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, बंगल्याकडे तोंड केलं आणि हलक्या आवाजात शेवटचं गाणं म्हटलं, त्या घरातल्या मुलीचं नाव घालून आणि तिच्या नवऱ्याचं घालून. मुलीचं नाव त्यांनी आत चहाच्या वेळी नीट विचारून घेतलं होतं. मागून ट्रक हॉर्न मारत होता. रिक्षावाला आरशातून बघत होता. दहा मिनिटांत झालं.

"लागला," त्या म्हणाल्या. "चल."

बाकीच्या दोन घरांपुढं आम्ही उतरलोच नाही. नावं सुनेनं आणून दिली, आणि दोन्ही लग्नं मी रिक्षात बसून पाहिली. परत येताना आजी शेंगदाणे खात होत्या. मला मात्र काय वाटावं तेच कळत नव्हतं. ज्या मुलींची लग्नं आत्ता लागली त्यांना पत्ताही नव्हता. कुणी घरात भाकऱ्या करत असेल, कुणी ऑफिसात असेल. हे खरं की ते खरं?

लोक काही थांबले नाहीत. त्यांना आजींचाच आवाज हवा होता आणि दोन तास गाण्याचं बळ आजींकडे उरलं नव्हतं. तेव्हा आजींनीच तोडगा काढला. गाणं राहू दे, त्यातली नावं काढ, तिथं मी बसून बोलेन. म्हणजे दुसरी प्रत करायची, मूळ नव्हे. ते काम मी वाचनालयाच्या कम्प्युटरवर शिकत शिकत केलं. कानाला हेडफोन लावून तेच तेच ऐकायचं, नावाच्या आधी थांबायचं, नाव कापायचं, तेवढीच शांतता भरायची. आजींनी सगळीकडे एकच सूर लावला नव्हता. कुठं नाव घाईत घेतलं होतं, कुठं लांबवलं होतं, एके ठिकाणी घेताना किंचित हसल्यासारखा आवाज होता. आठवडाभर ते नाव माझ्या डोक्यात असं बसलं की भाजी चिरतानाही ऐकू यायचं.

आणि ही युक्ती चालली. आजी पुन्हा पाटावर बसायला लागल्या. स्पीकर गायचा, मोकळी जागा आली की त्या मुलीचं नाव घ्यायच्या, मग मुलाचं. फोटोतही आल्या, कारण आता लोकांना हा प्रकार नवा होता. मी दोन लग्नांना जाऊन आले आणि जरा निर्धास्त झाले.

मग आजींना चिकनगुनिया झाला. सांधे धरले, उठवेना. आधीच शब्द दिलेलं एक लग्न होतं, सकाळच्या मुहूर्ताचं, गावच्याच मांडवात. नावं सून बोलेल असं ठरलं. मला आजींनी मुद्दाम पाठवलं, काय होतं ते नीट बघून ये म्हणून. मी वेळेत पोहोचले. सून रात्रपाळीवरून यायची होती ती उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकली. मुहूर्त थांबेना. नवरीच्या काकानं स्पीकर सुरू केला.

पहिली मोकळी जागा आली. सगळं शांत. बायका माझ्याकडे बघायला लागल्या, कारण आजींनी पाठवलेली मी. मी कोण नाव घेणार? मला तो अधिकार कुणी दिला होता? आणि दुसरं असं की त्या शांततेत माझ्या कानात आजींचंच नाव वाजत होतं, कापलेलं, तरी स्पष्ट. मी उघडलेलं तोंड मिटलं. गाणं पुढं गेलं, पहिली जागा तशीच रिकामी गेली. मांडवात कुजबुज सुरू झाली.

दुसऱ्या जागेला नवरीनं मान वर केली. मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि स्वतःचं नाव मोठ्यानं घेतलं. आईनं तिचं कोपर दाबलं. कुणीतरी हसलं. लगेच नवऱ्याच्या नावाची जागा आली, तो इकडंतिकडं बघत राहिला, शेवटी तिनंच त्याला ढोसलं आणि त्यानंही घेतलं. त्यानंतर प्रत्येक जागेला ती बोलत गेली. आजींचा आवाज यायचा, थांबायचा, आणि तिचा यायचा. हसणारे गप्प झाले. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. काहीतरी मोडतंय की काहीतरी होतंय, मला खरोखर सांगता येत नव्हतं. आजही येत नाही.

मांडवातून मी तडक आजींकडे गेले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी सगळं सांगितलं, सून आली नाही तिथपासून. मला वाटलं चिडतील. त्या कशाबशा कुशीवर वळल्या.

"मोठ्यानं घेतलान?"

मी हो म्हटलं, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"मग लागला," त्या म्हणाल्या. पहिली जागा रिकामी गेली होती, तेवढी त्या आता पडल्या पडल्या भरून टाकणार होत्या. त्यांनी हात लांब करून उशाखाली अडकलेला पदर ओढला, डोक्यावर घेतला आणि मला विचारलं, "नाव काय पोरीचा?"

माझ्या ओठावर नाव आलं, पण ते आजींचं होतं. त्यामागचं दुसरं येईना. मी पिशवीतून वही काढली. मांडव कुठं होता ते लिहिलं होतं, मुहूर्त लिहिला होता, स्पीकर कुठं ठेवला, किती ठिकाणी शांतता पडली, बायका कशा बसल्या होत्या, सगळं लिहिलं होतं. पुढचं पान उलटलं, मागचं उलटलं. आजी पदर घेऊन थांबल्या होत्या, आणि पोरीचं नाव मी लिहिलं नव्हतं.